साठाव्या क्रमांकावरचं गाणं

२२ फेब्रुवारी १९९८ चा रविवार. ब्रिटनमध्ये तेव्हा रविवारी संध्याकाळी बीबीसीच्या रेडिओ वनवर त्या आठवड्याची टॉप ४०, म्हणजे सगळ्यांत जास्त खपलेली चाळीस गाणी, लागायची, एकेक गाणं वाजवत, चाळीसपासून एकपर्यंत. आदल्या रविवारी एक नंबरला सेलीन डिऑनचं ‘टायटॅनिक’मधलं गाणं होतं. त्या वर्षी जगात कुठेही गेलं तरी ते गाणं कानावर पडल्याशिवाय राहत नव्हतं. या रविवारी मात्र ते खाली सरकलं, आणि त्याच्या जागी जे आलं त्याच्या नावातच आशा भोसले होत्या. ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. बँडचं नाव कॉर्नरशॉप. पहिल्या क्रमांकावर ते एकच आठवडा राहिलं. पुढच्या रविवारी मॅडोना आली, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा सेलीन डिऑन.

हा किस्सा आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असतो, आणि तो सहसा इथेच संपतो. आपल्या आशाबाईंवर विलायतेत गाणं झालं, ते तिथे एक नंबरला गेलं, बस्स. अभिमान वाटतो आणि वाटायलाच हवा. सांगली संस्थानात जन्मलेल्या मंगेशकरांच्या मुलीचं नाव लंडनच्या रेकॉर्डच्या दुकानांत आठवडाभर सगळ्यांत वर झळकलं, ही लहान गोष्ट नाही. पण या बँडला मी इतकी वर्षं ऐकत आले आहे की तो एक आठवडा आता मला त्यांच्या गोष्टीतला सगळ्यांत लहान भाग वाटतो. एक नंबरपेक्षा मला साठ नंबर जास्त महत्त्वाचा वाटतो.

कारण हेच गाणं आधी साठाव्या क्रमांकावर येऊन गेलं होतं. ऑगस्ट १९९७ मध्ये ते पहिल्यांदा सिंगल, म्हणजे एका गाण्याची सुटी रेकॉर्ड, म्हणून निघालं, साठपर्यंत पोचलं आणि तिथूनच परतलं. शब्द तेच, चाल तीच, गाणारा तोच. बँडचा गायक तजिंदर सिंग, त्याचा आवाज जरा पेंगुळलेला, गिटारचे तेच ते मोजके कॉर्ड, कुठे जायची घाई नाही. अल्बमवर ते पाच मिनिटांहून थोडं जास्त चालतं, आणि ती पाच मिनिटं कुणी तरी दुपारी जमिनीवर पसरून एकेक तबकडी लावत बसल्यासारखी जातात. मग नॉर्मन कुकने, म्हणजे फॅटबॉय स्लिमने, त्याचं रीमिक्स केलं. वेग वाढवला, त्याबरोबर सूरही चढला, खाली दणदणीत ठोके आले आणि ते नाचायचं गाणं झालं. फेब्रुवारीत एक नंबरला गेलं ते हे दुसरं रूप. मला ते आवडतं, लग्नात वाजलं तर मीही उठते. पण आशाबाईंना वाहिलेलं जे गाणं आहे ते पहिलं.

आणि त्या पहिल्या गाण्याला ओळखणारे लोक तेव्हाही होते. रेडिओ वनवरच जॉन पील नावाचा निवेदक होता. दर वर्षाच्या शेवटी त्याचे श्रोते मतं पाठवून वर्षातली पन्नास आवडती गाणी ठरवायचे. १९९७ च्या त्या यादीत ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ पहिलं आलं. रीमिक्सने बाजार मारायच्या आधीची ही गोष्ट. दुकानांच्या हिशेबात साठावं ठरलेलं गाणं पत्रं पाठवणाऱ्यांच्या हिशेबात पहिलं होतं.

गाण्यात आहे तरी काय? गोष्ट अशी काही नाहीच. ती एक यादी आहे, ऐकणाऱ्याची यादी. आशा, लता, महंमद रफी. त्यांच्या रांगेत फ्रान्सचा गायक जाक द्युत्रों, इंग्लंडचा मार्क बोलन, जमैकन संगीत काढणारी ट्रोजन ही रेकॉर्ड कंपनी. फर्ग्युसनचा मोनो प्लेअर, टू-इन-वन, ऑल इंडिया रेडिओ. पडद्यावर नाचणारी वेगळी आणि पडद्यामागे गाणारी वेगळी, आणि स्वप्न जिवंत ठेवते ती मागची, हे तजिंदर साध्या शब्दांत सांगून टाकतो आणि तिला पंजाबीत आपली राणी म्हणतो. मध्येच धरणं येतात, सरकारी इशारे येतात, आम्हाला त्याचं काही नाही म्हणून तो पुढे जातो. आणि फिरून फिरून ती एक ओळ, डोकं टेकायला प्रत्येकाला कुणाची तरी छाती हवी असते आणि माझी ४५ च्या तबकडीवर आहे, अशा अर्थाची. पार्श्वगायन म्हणजे काय, हे मी बऱ्याच लेखांत वाचलं आहे. इतक्या थोडक्यात आणि इतक्या मायेने सांगितलेलं फार कमी वाचलं आहे.

४५ म्हणजे मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणारी सात इंची तबकडी. आपल्याकडे तिला ईपी म्हणायचे. दोन्ही बाजूंना मिळून तीन-चार गाणी, वर सिनेमाचं रंगीत कव्हर. माझ्या आत्याकडे कोल्हापूरला अशा ईपींचा लाकडी खण होता. हिंदी सिनेमाच्या पुढे, मराठी भावगीतांच्या मागे, आणि आशाबाई दोन्हीकडे. आत्या तबकडी कडेने धरायची, मऊ फडक्याने गोल पुसायची, सुई अलगद टेकवायची आणि गाणं संपेपर्यंत दुसरं काही करायची नाही. भाजी निवडणंसुद्धा नाही. तिच्याइतकं मन लावून ऐकणारं माणूस मी पुढे पाहिलं नाही. हे गाणं पहिल्यांदा वाहिनीवर पाहिलं तेव्हा त्यातली आपल्या खोलीत रेकॉर्डी लावत बसलेली मुलगी पाहून मला तो खण आठवला. तोवर मला वाटायचं, असलं ऐकणं फक्त आपल्याकडेच असतं.

आता त्या क्रमांकांकडे येते, कारण ही गोष्ट त्यांच्यामुळेच जास्त खोल होते.

ब्रिटनचा पहिला सिंगल्स चार्ट छापून आला १४ नोव्हेंबर १९५२ ला, ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकात. तिथल्या पर्सी डिकिन्सने विसेक रेकॉर्डच्या दुकानांना फोन केले, तुमच्याकडे काय जास्त खपतंय ते विचारलं आणि यादी केली. एवढंच. पुढे त्याचं मोठं यंत्र झालं, पण मुळात तो ठराविक दुकानांच्या गल्ल्यावरचा हिशेब होता आणि पुढे कित्येक वर्षं तोच राहिला.

त्याच वर्षी, महिन्याच्या आत, सिलोन रेडिओवर बिनाका गीतमाला सुरू झाली. अमीन सयानींचा आवाज, बुधवारची रात्र, आणि लवकरच गाण्यांच्या पायऱ्या लागल्या. लंडनची यादी आणि कोलंबोहून येणारी आपली यादी अशा जुळ्या बहिणी आहेत, हे मला कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. फरक एवढाच की गीतमालेचा क्रम विक्रीसोबत श्रोत्यांच्या पत्रांवर आणि गावोगावच्या रेडिओ श्रोता संघांवरही ठरायचा. ढिगाने पत्रं पाठवणाऱ्या झुमरीतलैया या लहानशा गावाला त्यामुळेच देशभर ओळख मिळाली.

आणि गीतमाला कोलंबोहून का? कारण आपल्याच आकाशवाणीवर तेव्हा सिनेमाच्या गाण्यांना जवळजवळ दार बंद झालं होतं. माहिती आणि नभोवाणी मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, पुण्यात जन्मलेले, शास्त्रीय संगीतावर मनापासून प्रेम करणारे. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं ते त्या खात्यावर होते. सिनेसंगीताने अभिरुची बिघडते, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. त्यांनी रागसंगीतासाठी केलं ते मोठंच आहे, आकाशवाणीने कितीतरी गवयांना आणि वादकांना त्या काळात आधार दिला. पण लोकांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळवली, ती वळवलीच. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये विविधभारती आली तेव्हा कुठे ती गाणी घरी परतली. एका मराठी मंत्र्याने ज्या गाण्यांना आकाशवाणीबाहेर ठेवलं, त्याच गाण्यांतल्या एका मराठी आवाजाला इंग्लंडमधला एक पंजाबी मुलगा डोक्याखालची उशी म्हणतो आणि त्याच दमात ऑल इंडिया रेडिओचंही नाव मायेने घेतो. हे दोन्ही एकाच गाण्यात सुखाने नांदतात. ऐकणाऱ्याच्या आठवणीत भांडणं राहत नसावीत, आवाज तेवढे राहतात.

पण ब्रिटनच्या यादीचं एक दार त्याहून घट्ट बंद होतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत साउथॉल, बर्मिंगहॅम, लेस्टर इथे भांगड्याच्या कॅसेटी धडाधड विकल्या जात होत्या. ‘आलाप’सारखे ग्रुप होते, दुपारी भरणारे नाचाचे कार्यक्रम होते, शाळा बुडवून जाणारी पोरं होती. तरी त्यातलं जवळजवळ काहीच टॉप ४० मध्ये दिसत नाही. त्या कॅसेटी विकल्या जायच्या किराणा दुकानांत, साड्यांच्या दुकानांत, मिठाईच्या दुकानांत. हिशेब पाठवणाऱ्या दुकानांच्या यादीत ही दुकानं नव्हती. जे विकलं गेलं ते मोजलं गेलं नाही, आणि जे मोजलं गेलं नाही ते त्या देशाच्या अधिकृत आठवणीत राहिलं नाही. याचा मला आजही राग येतो. हजारो घरांत वाजलेलं संगीत, आणि जुने चार्ट उघडले तर त्याच्या जागी कोरा कागद.

म्हणून या चौघा-पाच जणांनी बँडला कॉर्नरशॉप नाव ठेवलं, त्याची ताकद मला मोठी वाटते. कोपऱ्यावरचं किराणा दुकान चालवणारे ते आशियाई लोक, अशी ब्रिटनमध्ये हेटाळणीची ओळख होती. तीच यांनी दारावर पाटी म्हणून लावली. आणि जी दुकानं मोजणीत नव्हती त्यांचं नाव शेवटी मोजणीच्या टोकावर जाऊन बसलं.

तजिंदर सिंग वाढला वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये. इनॉक पॉवेल हा तिथला खासदार. स्थलांतरितांविरुद्धचं त्याचं कुप्रसिद्ध भाषण एप्रिल १९६८ चं. त्याच सुमारास तिथल्या शीख बसचालकांना पगडी आणि दाढी ठेवून कामावर येता यावं म्हणून झगडावं लागत होतं. १९६९ मध्ये त्यांचं म्हणणं मान्य झालं. अशा गावात लहानाचा मोठा झालेला मुलगा प्रेस्टनला शिकायला गेला, तिथे बेन एअर्स भेटला, आणि १९९१ च्या सुमाराला लेस्टरमध्ये बँड उभा राहिला. तजिंदरचा भाऊ अवतार सुरुवातीला बरोबर होता. तजिंदर गिटारबरोबर ढोलकी वाजवायचा आणि बेन एअर्स तंबोरा. मिरजेच्या तंबोऱ्यांची ओळख असलेल्या वाचकाला सांगायला हवं की हा तंबोरा ख्यालाच्या मागचा नाही, विजेच्या गिटारीच्या गोंगाटात बसलेला आहे. पण काम तेच करतो. षड्ज धरून ठेवतो.

सुरुवात अगदी खरखरीत होती. १९९२ मध्ये मॉरिसी या तेव्हाच्या लाडक्या गायकाने मंचावर ब्रिटिश झेंडा पांघरला, मागे स्किनहेड मुलींचं, म्हणजे वर्णद्वेषासाठी बदनाम झालेल्या, डोकं भादरणाऱ्या तरुणांच्या गटातल्या मुलींचं, चित्र लावलं आणि त्यावरून वाद पेटला. कॉर्नरशॉपच्या मुलांनी लंडनमध्ये ईएमआय या त्याच्या रेकॉर्ड कंपनीच्या कचेरीबाहेर त्याचं पोस्टर जाळलं. वृत्तपत्रांना बातमी मिळाली, पण गाणं अजून त्यांच्या हाताला लागलं नव्हतं. १९९३ मध्ये विइजा या छोट्या कंपनीने त्यांची पहिली ईपी काढली, कढीच्या पिवळ्या रंगाच्या तबकडीवर. कंपनीचं विचित्र नाव तिच्या लंडनच्या पत्त्यातल्या पिनकोडवरून आलेलं. १९९४ चा पहिला अल्बम ‘होल्ड ऑन इट हर्ट्स’ मी क्वचित लावते. त्यात संताप खरा आहे, सूर कच्चा आहे.

मग १९९५ चा ‘वूमन्स गॉटा हॅव इट’. इथे काहीतरी उघडलं. ‘सिक्स ए.एम. जलंधर शेर’ नावाचं एक गाणं आहे, पंजाबीत, एकाच सुराभोवती फिरत राहणारं. पहाटे गुरुद्वाऱ्यात चाललेल्या जपाचं अंग त्याला आहे आणि न्यूयॉर्कच्या साठच्या दशकातल्या गिटारी गोंगाटाचंही. दोन्ही एकमेकांना धक्का देत नाहीत. अमेरिकेत डेव्हिड बर्न या गायकाच्या कंपनीने तो अल्बम काढला. इंग्लंडच्या यादीत त्याला जागा मिळाली नाही. ब्रिटनमधल्या पॉपमध्ये पंजाबी शब्द आधीही आले होते, पण चवीपुरते. इथे इंग्रजी ऐकणाऱ्याने पंजाबीत येऊन बसायचं होतं.

१९९७ चा ‘व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम’ हा त्यांचा सगळ्यांत नावाजलेला अल्बम. ब्रिटनमध्ये तो सतरापर्यंत चढला, अमेरिकेच्या ‘स्पिन’ मासिकाने त्याला वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. त्यात अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्गचा आवाज आहे, हिप-हॉपचे ठोके आहेत, कंट्रीचं एक द्वंद्वगीत आहे, आणि सगळ्यांत शेवटी बीटल्सचं ‘नॉर्वेजियन वुड’ पंजाबीत आहे. १९६५ मध्ये जॉर्ज हॅरिसनने त्या गाण्यात सतार वाजवली होती आणि तिथून पाश्चात्त्य पॉपमध्ये सतारीची लाट आली. बत्तीस वर्षांनी पंजाबी घरातला एक मुलगा ते गाणं आपल्या भाषेत, पुन्हा सतारीवर, निवांत गाऊन दाखवतो. त्यात हिशेब चुकता केल्याचा आवेश नाही. घरातलीच वस्तू शेजाऱ्याकडून परत आणावी इतकं ते सहज आहे, आणि म्हणूनच मला ते त्या अल्बममधलं सगळ्यांत धीट गाणं वाटतं.

पुढच्या सिंगलने मे १९९८ मध्ये तेविसावा क्रमांक गाठला. त्यानंतर कुणीही शहाणा सल्लागार म्हणाला असता की लगेच आणखी एक ‘आशा’ काढा, वेग तसाच ठेवा. त्यांनी तसं केलं नाही. सिंग आणि एअर्स यांनी क्लिंटन या दुसऱ्या नावाने १९९९ मध्ये डिस्कोच्या अंगाचा एक अल्बम काढला. कॉर्नरशॉपचा पुढचा, ‘हँडक्रीम फॉर अ जनरेशन’, २००२ मध्ये आला, तिसापर्यंत गेला आणि त्यातलं सिंगल सदतीसपर्यंत. त्यात एक गाणं चौदा मिनिटांचं आहे, सतार आणि गिटार सोबत वाहत जाणारं, गिटारवर ओॲसिस या बँडचा नोएल गॅलाघर. एक नंबर मिळालेला बँड चौदा मिनिटांचं गाणं करतो, तेव्हा त्याला कशाची हौस आहे ते कळतं. त्यानंतर टॉप ४० मध्ये ते दिसले नाहीत. लोक अशा बँडला एका गाण्याचे धनी म्हणतात. हे मला मान्य नाही. एकाच गाण्यापर्यंत बाकीचे पोचले, एवढाच त्याचा अर्थ.

कारण काम चालूच होतं. २००९ मध्ये स्वतःच्या ॲम्पल प्ले या कंपनीतून नवा अल्बम आला. २०११ मध्ये बबली कौर या गायिकेबरोबर पूर्ण पंजाबी अल्बम काढला, ‘कॉर्नरशॉप अँड द डबल-ओ ग्रूव्ह ऑफ’. बबली कौर काही व्यावसायिक गायिका नव्हती. लग्नाघरी, सणावारी बायका म्हणतात त्या गळ्याने ती गाते, पुढे न येणारा, पण स्वच्छ लागणारा आवाज, आणि मागे फंकचा बास आणि हिप-हॉपचा ठेका. आपल्याकडे मंगळागौरीच्या किंवा जात्यावरच्या गाण्यांचं असं काही कुणी करायला घेतलं की बहुतेक वेळा गाणाऱ्या बाईचा आवाज चकचकीत करून टाकतात. इथे तो जसा आहे तसा ठेवून बाकी सगळं त्याच्याभोवती रचलं आहे. मग २०१२ मध्ये आणखी एक, मग मार्च २०२० मध्ये ‘इंग्लंड इज अ गार्डन’, ब्रेक्झिटचं भांडण ताजं असतानाचा. तिशी ओलांडत आलेल्या बँडचा तो अल्बम इतका आनंदी आणि तरीही इतका ताठ आहे की मी तो लागोपाठ ऐकला होता. इंग्लंडवर आपला हक्क सांगण्यासाठी त्यात आवाज चढवावा लागत नाही, बासरी आणि ढोलक पुरतात.

२०११ हेच वर्ष आशाबाईंच्याही हिशेबाचं. त्या ऑक्टोबरात लंडनमध्येच गिनेसने त्यांना प्रमाणपत्र दिलं, १९४७ पासून वीसहून अधिक भारतीय भाषांत अकरा हजारांपर्यंत गाणी ध्वनिमुद्रित केल्याबद्दल. त्या अकरा हजारांतल्या किती गाण्यांचा खप कुठल्या दुकानाने कुठे कळवला असेल? ती मोजली गेली ती ध्वनिमुद्रणं म्हणून. ती किती घरांत, किती दुपारी वाजली, याची यादी कुणाकडेच नाही, आणि कॉर्नरशॉपच्या त्या गाण्यात अशाच एका घराची यादी आहे.

कुणी विचारलं तर मी सांगते, रीमिक्स नंतर ऐका. आधी १९९७ चा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता. मग बबली कौरचा २०११ चा, चांगल्या स्पीकरवर, म्हणजे बास नीट लागेल. ‘जलंधर शेर’ला दोन-तीन वेळा संधी द्या, ते पहिल्या वेळी हाती लागत नाही. आणि घरी कुणी आशाबाईंना मन लावून ऐकणारं असेल तर ‘ब्रिमफुल’ची पाच मिनिटांची मूळ आवृत्ती त्यांना लावून द्या, इंग्रजी येवो न येवो. आत्याला मी ती लावून दिली होती. आशा, लता आणि रफी एवढी तीन नावं तिने ओळखली आणि ‘पुन्हा लाव’ म्हणाली.